सुईवाले

आमची पहिली भेट म्हणजे त्यांच्या तोंडावर बसलेली ओली चादर. खोटं नाही सांगत.

कझाखस्तानातल्या कारागांदातला जानेवारी. बाहेर पापण्यांवर बर्फ धरेल अशी थंडी, आणि कारखान्यात हीटरच्या नळ्या दिवसरात्र तापलेल्या. आतली हवा इतकी कोरडी की ओठ फुटायचे आणि कागद बिथरायचा. मी कापणी खात्यात होते. रिळावरून कागद सुटतो, पातं त्याचे ताव कापतं, ताव पट्ट्यावरून धावत येतात आणि माझ्यासमोर थप्पीत पडतात. म्हणजे पडायला हवेत. जानेवारीत ते ऐकत नाहीत. घासून घासून त्यांच्यात वीज भरते, मग दोन-दोन तीन-तीन ताव एकमेकांना बिलगून येतात, एखादा हवेतच तरंगतो, एखादा येऊन माझ्या ॲप्रनला चिकटतो. थप्पी वाकडी होते, कोपरे मुडपतात, मशीन बंद पडतं, आणि आमच्या खात्याच्या मुख्य बाई, गालीना पेत्रोव्ना, माझ्या नावानं शंख करतात.

यावर आमचा घरगुती उपाय ठरलेला. मशीनभोवती दोऱ्या बांधायच्या आणि ओल्या चादरी वाळत घालायच्या. हवेत ओल आली की कागद जरा शांत होतो. त्या दिवशी मी अशीच एक चादर झटकली, आणि ती पलीकडून येणाऱ्या माणसाच्या तोंडावर सपकन बसली.

"वा," चादरीच्या आतून आवाज आला. "तुमच्याकडे पाहुण्याचं स्वागत असंच करतात का?"

"पाहुणे दारातून येतात. दोरीखालून नाही."

"दार दिसलं तर ना... सगळीकडे धुणंच धुणं. मला वाटलं, चुकून कुणाच्या परसात शिरलो."

चादर बाजूला झाली. उंच माणूस, लोकरीची टोपी, काखेत एक लांबलचक पेटी, आणि भुवयांवरून ओघळणारं पाणी. ते पुसायचं सोडून ते माझ्याकडे बघत उभे. मला हसू आलं आणि माझा फुटलेला ओठ चांगलाच झोंबला. किती दिवसांत हसले नव्हते, ते तेव्हा कळलं.

गालीना पेत्रोव्ना मागून आल्या. "हे अल्माटीहून आलेत, कागदातली वीज घालवायला. कामशात, तू यांच्याबरोबर राहा, काय हवं-नको ते बघ." आणि त्यांनी त्या माणसाचं नाव सांगितलं.

नाव ऐकलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. ते माझ्या सासऱ्यांचं नाव होतं.

निवडणुकीच्या दिवशी मुलगा जन्मला की आमच्याकडे हे नाव ठेवतात. सासरे अशाच एका दिवशी जन्मले, आणि हे महाशयही. आता सून काही सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, मग सासरा घरात असो की मातीत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे भिंतीवरच्या फोटोत होते. तरी मी ते नाव कधी उच्चारलं नाही. माझा नवरा, मौलेन, बर्फावरून ट्रक घसरून गेला, त्यानंतरही नाही. आता त्या घरात सासूबाई आणि मी, दोघी विधवा. मी त्यांना अपा म्हणते. आम्ही दोघी कमी बोलतो, आमच्या वाटचं टीव्ही बोलतो. माहेरी भावजयीनं माझी खाट कधीच काढून टाकली. तेव्हा मी कुणाची तरी सून आहे, याला पुरावा म्हणाल तर ते न घेतलेलं नाव. एवढंच माझ्याकडे उरलं होतं, आणि मी ते जपत होते.

ज्यांना कझाख येतं त्यांनी नाव एव्हाना ओळखलं असेल. बाकीच्यांनी जरा थांबा.

पहिले काही दिवस मी "अहो", "ऐकलंत का", "इकडे बघता का" असं करत वेळ मारून नेली. त्यांनी पेटी उघडली. आत हातभर लांबीच्या दोन दांड्या, आणि त्यातल्या एकीवर सुयांची रांगच रांग.

"ही तावांच्या वर बसवायची," ते म्हणाले. "सुयांच्या टोकांतून हवेत वीज सुटते. ती तावावरच्या विजेला गाठते आणि दोघी एकमेकींना संपवतात. ताव सुटा होतो, मुकाट्यानं खाली पडतो."

"म्हणजे विजेनं वीज मारायची."

"अगदी तसंच. पण रोज सकाळी ब्रशनं सुया साफ करायच्या. कागदाची धूळ बसली की त्यांचं काही चालत नाही. कराल?"

"करीन की, सुईवाले."

तोंडातून गेलं ते गेलंच. ते वाकून स्क्रू आवळत होते, तसेच थांबले.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"नाही, बरं वाटलं. पण मला एक नाव आहे. आईबापांनी ठेवलंय, वाईट नाही."

"मला माहीत आहे."

"मग?"

मी ब्रश उचलला आणि सुया पुसायला लागले. त्या आधीच लखलखीत होत्या.

त्यांना कारण कुणी सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते माझ्या खिडकीत येऊन बसले. अपांनी दिलेले बाऊरसाक, म्हणजे आमच्याकडचे तळलेले पिठाचे गोळे, मी कागदावर काढून ठेवले होते. त्यांनी न विचारता एक उचलला.

"तुमच्या सासऱ्यांना किती सुना?" त्यांनी विचारलं.

"मी एकटीच."

"म्हणजे या सगळ्या शहरात मला नावानं हाक मारू न शकणारी बाई एकच, आणि माझी नेमणूक नेमकी तिच्याच मशीनवर." दुसरा बाऊरसाक. "नशीब बघा माझं."

"बदलून मागा."

"मशीन?"

"नशीब."

"नको," ते म्हणाले. "बाऊरसाक चांगले आहेत."

पहिली दांडी चालू झाली आणि मी बघतच राहिले. ताव येत होते, एकेक, सुटे, न अडखळता. थप्पी सरळ चढत गेली, कुठे कोपरा म्हणून बाहेर नाही. चादरी खाली उतरल्या. गालीना पेत्रोव्नांनी चक्क मला शाबासकी दिली, तीही आवाज न चढवता. सुईवाले मात्र आपली दुसरी दांडी काढून बसले.

"आता ही कशाला?"

"थप्पी पुरी झाली की हिच्यानं कडेला थोडी वीज घालायची. मग गाडीवरून नेताना वरचे ताव घसरत नाहीत."

"आधी काढायची, मग परत घालायची? तुमचं काही खरं नाही, सुईवाले."

"किती हवी ते कळलं पाहिजे. जास्त झाली तर सुटत नाहीत, अजिबात नसली तर टिकत नाहीत." मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही संध्याकाळी काय करता?"

"घरी जाते."

"आणि?"

"आणि... घरी असते."

मलाच उगाच राग आला, की मी इतकं खरं का बोलले.

पुढं ते माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालायला लागले. बर्फ पायाखाली करकरायचा. ते अल्माटीबद्दल सांगायचे, तिथली सफरचंदं, खिडकीतून दिसणारे डोंगर. मी ऐकायची. एकदा माझी शाल घसरली, त्यांनी हात पुढं केला आणि अर्ध्यातच मागं घेतला. तो अर्धाच हात मी घरी घेऊन गेले, आणि झोप लागेपर्यंत तोच डोळ्यांसमोर.

"कुठं कुठं हिंडता तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"जिथं कागद चिकटतो तिथं. आज इथं, मग पाव्लोदार, मग ताश्कंद. काम बिघडलेलं असतं तेव्हा सगळे दारात वाट बघत उभे. एकदा नीट झालं की निरोपाचा चहासुद्धा गार मिळतो."

"आमच्याकडे गरम देऊ."

"म्हणजे निरोप देणारच?"

बस आली. मी चढले. काचेवर बर्फाची फुलं धरली होती, पलीकडचं काही दिसेना. मी बोटानं जरा जागा केली, तर ते तिथंच उभे होते.

खात्यात कुजबुज सुरू झाली होतीच. दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो, त्यावरून बायका आमच्या दोघांवर विनोद करायच्या. कागदाच्या कारखान्यात हा विनोद दर हिवाळ्यात होतो, मला त्याचा वीट आलाय. मला कसला झटका बसला नाही. मला फक्त संध्याकाळी घरी जावंसं वाटेना, आणि ते त्याहून वाईट. घरी अपा दारातच विचारायच्या, "आज उशीर?" मी म्हणायची, "बस चुकली." मग आम्ही दोघी जेवायचो. चमच्यांचा आवाज आणि टीव्ही. त्या माणसाचं मी घरात काही सांगू शकत नव्हते. सांगायचं तर नाव सांगावं लागलं असतं, आणि ते नाव भिंतीवरच्या फोटोचं होतं. माझ्या मनात आलं होतं ते असं की, हे नाव दुसऱ्या पुरुषासाठी तोंडातून काढलं की मी या घरातून बाहेर. आणि मी बाहेर पडले की अपा एकट्या. त्यांचा नवरा गेला, मुलगा गेला. आता मीही?

मग ते घडलं.

त्या दिवशी वह्यांच्या वेष्टनाचा कागद चालू होता, वरून प्लास्टिकचा थर दिलेला. असला कागद सगळ्यात खट्याळ, त्याच्यात वीज भरते तीही जबर. म्हणून थप्पीच्या टेबलाला अर्थिंगची तार लावलेली असते, ती वीज जमिनीत जिरवते. थप्पी अडकली. सुईवाले मशीनच्या पलीकडच्या बाजूनं वाकले, अडकलेला ताव ओढायला. आणि मला खाली फरशीवर ती तार दिसली, सुटलेली. कुठल्यातरी ढकलगाडीच्या चाकात येऊन निघाली असणार.

हात लावला तर काय होईल ते मला कळत होतं. मी तोंड उघडलं. नाव आलं, अगदी दातांपर्यंत आलं... आणि तिथंच अडलं. खरंच सांगते, जीभ हललीच नाही. मग मी ओरडले, "सुईवाले!"

मशीनचा खडखडाट, पट्ट्याचा आवाज, तीन माणसं इकडून तिकडं जाणारी. त्या गोंगाटात तो शब्द त्यांना कुठून पोचणार? तो आमचा खिडकीतला, चहाच्या वेळचा शब्द, हळू बोलायचा. ते वळले नाहीत. त्यांचं बोट थप्पीला लागलं, चट्‌ असा आवाज आला, हात हिसक्यासरशी बाजूला उडाला आणि ताव ठोकून सरळ करणाऱ्या लोखंडी फळीत सापडला.

दवाखान्यात मी बरोबर गेले. त्यांची दोन बोटं मोडली होती, चेहरा कागदासारखा पांढरा. एक वयस्कर नर्स आली, आमच्यातलीच, कझाख.

"पेशंटचं नाव?"

मी खाली बघितलं.

"अहो बाई, नाव सांगा ना."

"त्यांनाच विचारा," मी म्हणाले.

"मला दुखण्यापायी आठवत नाहीये," सुईवाले डोळे मिटून म्हणाले. त्या अवस्थेतही ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "हिलाच विचारा."

"हे... माझ्या सासऱ्यांचं नाव आहे," मी कशीबशी बोलले.

नर्सनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तिच्या चेहऱ्यावरची घाई जरा उतरली. "मग काय, तुम्हां दोघांचं ठरेपर्यंत मी थांबू?" शेवटी त्यांनीच सांगितलं.

ती गेल्यावर मी रडले. दवाखान्यात रडायची लाज वाटली नाही, तिथं सगळेच रडतात.

"मी हाक मारायला हवी होती," मी म्हणाले. "नावानं मारली असती तर तुम्ही वळला असता."

"वळलो असतो," ते म्हणाले. त्यांनी खोटं बोलून मला सोडवलं नाही, आणि मला ते आवडलं. "पण मी रागावलो नाही. कामशात... काम संपलंय माझं. रविवारी गाडी आहे. अल्माटीत माझं घर आहे, डोंगर दिसतात ते. आत कुणी नाही. तू येशील?"

पहिल्यांदाच "तू" म्हणाले. मला तेही आवडलं, आणि त्यानं सगळं अवघडच झालं.

"अपांना सोडून?"

"त्यांना घेऊन ये."

"त्या नाही येणार. त्यांचे दोघे इथल्या मातीत आहेत."

ते छताकडे बघत म्हणाले, "रविवारी गाडीच्या आधी मी तुमच्या इमारतीखाली येईन. वर येणार नाही. तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर स्टेशनवर जाईन, आणि परत कधी या मशीनवर येणार नाही. दुसऱ्या माणसाला पाठवीन."

रविवार उजाडला. अपा स्वयंपाकघरात पीठ मळत होत्या. मी उगाच कपाट आवरत होते, आवरलेलं पुन्हा विस्कटत होते. भुरभुर बर्फ पडत होता. खिडकीतून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं.

अपांनीच बघितलं. "खाली कोण माणूस आहे गं? केव्हाचा उभाय. टोपीवर बर्फ साचलाय. एका हाताला बँडेज आहे बिचाऱ्याच्या."

मी एक घडी मोडून परत घातली.

"तुझ्या कामावरचा?"

"हो."

"दाराशी आलेल्या माणसाला चहा नाही विचारायचा? काय नाव त्याचं?"

मी कपाटाचं दार धरून उभी राहिले. "आम्ही... सुईवाले म्हणतो."

"ते झालं. नाव काय?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. अपांचे हात पिठात थांबले. त्यांनीही फोटोकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. माझ्या उशिराच्या बसेस, माझी आवरून झालेली कपाटं, सगळं त्या एका बघण्यात त्यांच्या लक्षात आलं असावं.

"ह्यांचं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली. "अपा, मी कुठं जात नाहीये. मी त्यांना वर बोलावणार नाही. जातील ते."

"आणि मग?"

"मग काय... आपण दोघी आहोत की."

"आपण दोघी," अपा म्हणाल्या. "मी त्या खोलीत, तू या खोलीत. मला एकटं राहायची सवय आहे, कामशात. तुला ती लागायला नको."

खाली सुईवाल्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मी खिडकीशी कधी आले मला कळलं नाही. त्यांनी टोपीवरचा बर्फ झटकला, ती लांब पेटी चांगल्या हातानं उचलली, आणि फाटकाकडे चालायला लागले.

अपा माझ्या शेजारी आल्या. पिठाच्या हातांनी त्यांनी खिडकीतली छोटी झडप उघडली. गार वारा आत घुसला.

"हाक मार," त्या म्हणाल्या.

"अपा..."

"मार म्हणते ना."

मी झडपेशी तोंड नेलं. "अहो," मी ओरडले. "अहो, ऐकलंत का..." खाली ते चालतच होते.

"अहो म्हटल्यावर कोण वळतं?" अपा म्हणाल्या. "मी म्हणून बघितलंय. खाणीवर निघाले तेव्हा ह्यांचे हातमोजे इथंच राहिले होते. याच खिडकीतून मी 'अहो, अहो' करत राहिले. अंगणात इतकी माणसं, त्यांना काय कळणार कुणाचं कोण ओरडतंय. वळले नाहीत. मला नुसतं तोंड बघायचं होतं गं, हातमोज्यांचं काय... त्या संध्याकाळी खाणीतून माणसं वर आली, त्यात हे नव्हते. इतकी वर्षं संसार केला, एकदाही नावानं हाक मारली नाही. आता मारावीशी वाटते, तर मारू कुणाला?"

फाटकाची कडी वाजली.

मी श्वास घेतला. गार हवा छातीत टोचली.

"सायलाव!"

अंगणभर गेलं ते. समोरच्या इमारतीवर आपटून परत आलं. फाटकातला माणूस जागच्या जागी थांबला, आणि वळला. इतक्या वरूनसुद्धा त्यांचं तोंड मला स्वच्छ दिसलं.

मी मागं बघितलं. अपा खुर्चीवर बसल्या होत्या, पिठाचे हात मांडीवर तसेच उघडे ठेवून, डोळे मिटून.

"वळला?" त्यांनी विचारलं.

"वळले. येतायत."

"वर येईपर्यंत थांबू नकोस," अपा म्हणाल्या. "अजून एकदा मार. मला ऐकू दे."